सोललेल्या बाटलीवरचा डोळा

मानपाड्याच्या पलीकडे, औद्योगिक वसाहतीच्या भिंतीला पाठ लावून बसलेले एक जुने आगरी गाव आहे. तेथे कुणाच्याही घरी लग्न निघाले की पहिले बोलावणे गावदेवीला जाई आणि दुसरे रखमाबाईंना. रखमाबाई धवलारीण होत्या. ज्यांना हा शब्द परका असेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून नवरी घरात घेईपर्यंतचे विधी जी स्त्री गाण्यांतून लावते ती धवलारीण, आणि तिची ती गाणी म्हणजे धवले. या विद्येला पोथी नाही. सासूच्या पाठीमागे बसून, तिच्या श्वासात श्वास मिळवून रखमाबाईंनी ती घेतली. घनपाठी वैदिकांसमोर मी आयुष्यात अनेकदा बसलो आहे. रखमाबाईंचे धवले ऐकायला प्रथम गेलो तेव्हा त्यांच्या ओसरीवर माझी मांडी त्याच अदबीने वळली, आणि ती अदब पुढे कधी कमी झाली नाही.

त्यांच्या सासूच्या घराण्यात एक रीत होती. इतर गावांत तिचे रूप निराळे असेल. मी या घराण्यापुरते बोलतो. हळदीच्या दिवशी देवापुढे जे जे मांडायचे त्या प्रत्येक वस्तूचे नाव धवल्यात घ्यायचे आणि तिचा गुण सांगायचा. तांदूळ, हळद, सुपारी, नारळ, मग बाटली आणि शेवटी दिवा. ज्याचे नाव घेतले गेले नाही ते देवाला पोचलेच नाही, अशी त्या घराण्याची दृढ समजूत. बाटली म्हणजे दारूचीच. मात्र बाजाराचा कागद देवापुढे चालत नाही, म्हणून आदल्या दिवशी ती तांब्याच्या भांड्यात पाण्यात बुडवून ठेवीत. कागद भिजला की रखमाबाई अंगठ्याच्या नखाने तो पुढूनमागून सोलून काढीत, काच फडक्याने लख्ख करीत आणि तिला हळदीची बोटे ओढीत. मग तिचा धवला:

‘बाटली ठेविली गो, ती देवाची लारकी,
नवऱ्याच्या व्होटाला लावा गो थेंबुकली.’

लारकी म्हणजे लाडकी. धवला संपला की रखमाबाई आपले बोट बाटलीत ओले करून नवरदेवाच्या ओठाला लावीत. त्यानंतरच मांडवातल्या बाकीच्या बाटल्या उघडायच्या, आणि त्या किती उघडत याला सीमा नव्हती.

त्या सोललेल्या कागदांपैकी मागच्या कागदावर, मुंगीच्या पायांसारख्या बारीक इंग्रजी अक्षरांत, मद्यपान आरोग्यास अपायकारक असल्याचे एक वाक्य असे. मला या वाक्याचा मनस्वी तिटकारा आहे. आपल्या स्मृतिकारांनी सुरापानाला महापातकांत बसवले, पण ते अशा भाषेत, जी ऐकण्याचा अधिकारच त्यांनी बहुसंख्यांना नाकारला होता. आजचे हे इंग्रजी वाक्य त्याच कुळातले. पिणाऱ्याला ते वाचता येत नाही, विकणाऱ्याला वाचायचे नसते, छापणाऱ्याने ते वाचले जाऊ नये अशाच बेताने छापलेले असते. शिवाय दुकानदार बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालतो, म्हणजे उरलासुरला धोकाही टळतो. रखमाबाईंचे नख त्या वाक्यावरून आयुष्यभर फिरत आले, आणि तेथे काही लिहिले आहे हे त्यांना ठाऊकही नव्हते.

त्यांचा मुलगा आनंदा. एकुलता एक. वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला होता आणि लग्नसराईत आईबरोबर फिरे. तिची पिशवी तो धरी, हळद तो कालवी. त्याच्या ओठालाही त्याच्या हळदीत आईच्याच बोटाने थेंब लागला होता. पुढे तो थेंबावर राहिला नाही. रोज संध्याकाळी मानपाडा रस्त्यावरच्या चुलत भावाच्या दुकानातून काळी पिशवी घेऊन येऊ लागला. एका वैशाखात त्याचे डोळे पिवळे दिसू लागले. दुसऱ्या कुठल्याही घरात ते कुणाच्या तरी ध्यानी आले असते. या घरात त्या महिन्यात उंबऱ्यापासून अंथरुणापर्यंत सगळेच पिवळे असे. आनंदाचे हात पिवळे, नखे पिवळी, सदऱ्याची कॉलर पिवळी. ‘हलदीची फकी गेली डोल्यात,’ रखमाबाई म्हणाल्या, आणि गुलाबपाण्याच्या घड्या ठेवीत राहिल्या. सून कल्पिता दोनदा म्हणाली, की हे हळदीचे नव्हे. तिला उत्तर मिळाले, ‘माज्या पोराला नजर लावू नको.’ लग्नसराई संपली, घर धुऊन निघाले, आणि डोळे तसेच राहिले. ठाण्याला रुग्णालयात नेले तेव्हा पोटात पाणी झाले होते. यकृत गेलेले होते. आनंदा परत आला नाही.

बाराव्या दिवशी कल्पिता सासूला एकच वाक्य बोलली. ‘तुमच्या बोटानं गेला तो.’

त्यानंतर त्या दोघी एकाच खोलीत राहिल्या, एकाच चुलीवरचे जेवल्या आणि कामापुरत्या बोलल्या. कल्पिता नौपाड्यातल्या एका दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली. मी त्या दवाखान्याचा जुना रोगी. हे पुष्कळसे मला तिनेच सांगितले, आणि सांगताना तिच्या आवाजात दया नव्हती. तिचा राग एका गोष्टीवर विशेष होता. मुलगा गेल्यावरही पुढच्या लग्नसराईत रखमाबाई पूर्वीसारख्याच बाटल्या सोलायला बसल्या. मी एकदा त्यांना त्याविषयी विचारले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ‘रीत माजी नाय, मामा,’ त्या म्हणाल्या. ‘ती सासूची. मी थांबवनारी कोन?’ हे उत्तर मला तेव्हा पुरले नाही आणि आजही पुरत नाही. परंतु ते देताना त्यांचा अंगठा दुसऱ्या हाताच्या बोटांवरून फिरत होता, जणू तेथे काही चिकटून बसले आहे.

अशात एक विधेयक येऊ घातल्याची चर्चा सुरू झाली. मद्याच्या प्रत्येक बाटलीवर, समोरच्या बाजूस, निम्मा भाग व्यापील अशी धोक्याची सूचना मराठीतून छापावी, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी वर चित्र असावे, असा तो प्रस्ताव. नमुन्याची चित्रेही फिरू लागली. आणि विक्रेत्यांच्या पायाखाली जणू निखारे पसरले.

दौलत हा रखमाबाईंच्या धाकट्या दिराचा मुलगा. मानपाडा रस्त्यावरचे ते दुकान त्याचेच. विक्रेत्यांनी माजिवड्याला सभा ठरवली होती, तिचा तो एक पुढारी. सभेआधी तो काकीकडे आला. कल्पिता त्या दिवशी सुटीमुळे घरी होती. पुढचे संभाषण तिच्या तोंडून आले आहे आणि तिचे कान तीक्ष्ण आहेत.

‘काकी, माजिवड्याला यायचं तुला. गाडी पाठवतो, एसीवाली. नुसतं स्टेजवर बसायचं.’

‘मी स्टेजवर बसून काय करू?’

‘एक धवला म्हण. आणि मग म्हणायचं, का ही आमच्या देवाची बाटली हाय, तिच्यावर रोगी मानसाचं चित्र छापता म्हणजे आमच्या परंपरेवर घाला हाय. पेपरवाले येणार. धवलारीण बोलली का सगळ्यांची बोलती बंद.’

रखमाबाई शेंगा सोलत होत्या. सोलता सोलता म्हणाल्या, ‘दौल्या, देवाफुरची बाटली तं मी कागद सोलूनच ठेवतंय. मंग त्यावर कायपन छापलं तरी देवाला काय त्याचं?’

दौलत मोठ्याने हसला. ‘अगो काकी, ते तुला ठावं, मना ठावं. पेपरवाल्यांना कुठं ठावं?’

‘चितर कसला हाय?’

‘घाण हाय. तू नको बघू, जेवण जाणार नाय.’

‘मी दाखवते,’ कल्पिता चुलीपासून म्हणाली.

तिने मोबाइल सासूच्या हातात दिला. एका माणसाने अंगठ्याने आपली खालची पापणी ओढून धरली आहे आणि डोळ्याचा पांढरा भाग पिवळा झाला आहे, एवढेच ते चित्र. खाली मोठ्या अक्षरांत दोन ओळी, ज्या रखमाबाईंना वाचता येत नव्हत्या. त्या मोबाइल घेऊन दारात गेल्या, उजेडात. तो डोळ्यांजवळ धरला.

‘यो माजा आनंदा,’ त्या म्हणाल्या.

‘कुणाचाही असेल. दारूनं सगळ्यांचा असाच होतो.’

‘हलद नाय ही.’

‘नाही. मी तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला.’

दौलत उठला. ‘बघितलं? म्हातारी घाबरली ना! असलंच छापणार हरामखोर. गिऱ्हाईक बाटलीला हात लावणार नाय.’

‘नको लावू दे,’ कल्पिता म्हणाली.

‘तुला बोलायला काय जातं गं? तुझा नवरा दारूनं नाय मेला, नशिबानं मेला.’

‘हो ना! आणि ते नशीब रोज संध्याकाळी पेपरात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून कोण देत होतं, भावजी?’

दौलतने चपला पायात सरकवल्या. जाताना म्हणाला, ‘काकी, तू ये. हिचं नको ऐकू. ही दवाखान्यात झाडू मारते आन स्वताला डॉक्टर समजते.’

रखमाबाई माजिवड्याला गेल्या नाहीत. सभा त्यांच्यावाचून झाली. व्यासपीठावर कुणी म्हणाले की सुज्ञ ग्राहकाला चित्रांची गरज नसते, कुणी संस्कृतीचे नाव घेतले, कुणी रोजगाराचे. ही भाषणे मी वर्तमानपत्रात वाचली. विष विकणाऱ्याने विषाची सवय झालेल्यालाच सुज्ञ म्हणावे, यापेक्षा निर्लज्ज भाषा मी अलीकडच्या काळात वाचलेली नाही. त्या सज्जनांनी लेखी हरकती दिल्या, आणि एकमेकांना हार घातले.

त्याच महिन्यात दौलतच्या मुलाचे, ऋतुराजचे लग्न ठरलेले होते. नवरी कल्याणची, समीक्षा नावाची, एका औषधांच्या कंपनीत नोकरी करणारी. माजिवड्याच्या अपमानानंतर दौलत काकीला हळदीला बोलावीना. पण त्याची बायको जागृती अडून बसली. धवलारणीवाचून हळद म्हणजे घराण्याची शोभा गेली, आणि पाहुण्यांना दाखवायचे काय? बोलावणे गेले. कल्पिताने सासूला एवढेच विचारले, ‘जाणार?’ आणि रखमाबाई हो म्हणाल्यावर तिने पाठ फिरवली.

धवले ऐकण्याच्या निमित्ताने मीही गेलो. देवाचा मान दिवस मावळायच्या आत द्यायचा असतो, म्हणून ऊन अजून मांडवाच्या कापडातून खाली उतरत होते. मुलाकडचे तरुण डोळ्यांवर काळे चष्मे लावून नाचण्याच्या तयारीत होते. एका कोपऱ्यात खोक्यांचा डोंगर, वर बर्फाची पिंपे. दौलतने धवलारणीसाठी माइक लावला होता, म्हणजे सगळ्या गावाने ऐकावे. मुलाचे मित्र मोबाइल उंच धरून होते.

रखमाबाई आल्या, देवाला हात जोडले आणि म्हणाल्या, ‘पोऱ्या कंय हाय?’

ऋतुराज आला तो आधीच पिवळा. मित्रांनी हौसेने विधीआधीच त्याला माखून काढले होते. कपाळ, गाल, कान, पापण्या.

‘तोंर धू.’

‘आजे, हळद धुवायची असते का? काय तू पण!’ मुले हसली.

‘धू म्हनलं ना.’

त्याने कुरकुरत तोंड धुतले. रखमाबाईंनी त्याचे मनगट धरले आणि त्याला मांडवाबाहेर नेले. ‘उजेरात ये.’ त्यांनी अंगठ्याने त्याची पापणी खाली ओढली. मी जवळच होतो. मला त्यात काही विशेष दिसले नाही, हे नमूद करणे प्राप्त आहे. मला एक थकलेला डोळा दिसला. त्यांना जे दिसले ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळले.

‘कवरं दिस झालं यास?’

‘कशाला? झोप नाय झाली आजे, बॅचलर पार्टी चालू होती. चिल मार.’

जागृती मागून आली होती. ‘काय झालं काकी? काय नाय, हळद गेली असंल डोळ्यात.’

रखमाबाईंनी हात मागे घेतला. तेच वाक्य होते. त्या आत गेल्या, आणि देवघरापाशी तांब्याच्या भांड्यात भिजत घातलेल्या बाटलीसमोर बसल्या.

त्यांनी ती काढली. नखाने कागद सोलला, पुढचा आणि मागचा. काच पुसली. हळद लावली. इथवर सगळे रीतीप्रमाणे. मग त्यांनी देवाच्या दिव्यावर पितळी पळी उपडी धरली, काजळी धरू दिली, आणि करंगळीने त्या बाटलीवर रेघ ओढली. लग्नाचा चौक भिंतीवर काढणारा तो हात होता, एका रेषेत पूर्ण आकार उतरवणारा. पापणी उतरली. खाली ओढलेली कड उतरली. मध्ये काळे बुबुळ, आणि भोवतीचा भाग हळदीचा, पिवळा. बाटली त्यांनी देवापुढे ठेवली, नवरदेवाकडे तोंड करून, आणि धवला सुरू केला.

तांदूळ झाला. हळद झाली. सुपारी, नारळ झाला. कुणाचे लक्ष नव्हते. धवल्याकडे लक्ष देण्याचे दिवस गेले. मग माइकमधून, गावाच्या टोकापर्यंत, हे आले:

‘बाटली ठेविली गो, तिचा डोला पिवला,
हिनं माजा आनंदा ताटावरना उठवला.
बाटली ठेविली गो, ही कालजाची वालवी,
नवऱ्याच्या व्होटाला तिचा थेंब नको लावी.’

कालीज म्हणजे काळीज, वालवी म्हणजे वाळवी. मांडवात कुणाला अर्थ विचारावा लागला नाही. बायकांच्या बांगड्यांचा आवाजही थांबला.

‘माइक बंद कर!’ दौलत ओरडला. ‘कोण हाय रे तिकडे? बंद कर तो माइक!’

माइक बंद झाला. रखमाबाईंनी त्याच ओळी पुन्हा म्हटल्या, माइकशिवाय. माइक नसलेल्या काळात त्या गाणे शिकल्या होत्या.

दौलत धावत आला. ‘काकी, तुझा पोर गेला म्हणून माझ्या पोराच्या हळदीत सुतक घेऊन येतेस? लाज नाय वाटत?’

‘दौल्या, याला डागदराकडं ने. हलद मागनं लाव.’

‘मांडवातून ऊठ!’

‘उठतंय. आदी याचा डोला बघ. तू बाप हायस ना? उनात घे आन बघ.’

‘चेटकीन!’ कुणी बाई मागून म्हणाली. दुसरीने दुजोरा दिला. ‘स्वताचा खाल्ला, आता दुसऱ्याचा.’ मी उठून काही बोलू पाहिले, तर एका तरुणाने माझ्या खांद्यावर हात ठेवून, ‘अंकल, बसा, फॅमिली मॅटर हाय,’ असे सांगितले, आणि तो हात बराच वेळ तिथेच राहिला.

दौलतने बाटली उचलली. खांद्यावरच्या टॉवेलने तो डोळा पुसला, तरी काजळी पुरती गेली नाही, सगळ्या काचेवर फासली गेली. झाकण पिळून त्याने आपले बोट ओले केले आणि साऱ्या गावादेखत मुलाच्या ओठाला लावले. ऋतुराजने ते चाटून घेतले. मित्रांनी शिट्ट्या मारल्या, आणि खोक्यांचा डोंगर फुटला.

रखमाबाई उठल्या. चपला शोधल्या, त्या कुणी तरी लांब भिरकावल्या होत्या. त्या अनवाणीच चालत घरी आल्या. कल्पिता दारात होती. तिने माइकवरचा धवला घरात बसून ऐकला होता. तिने पाणी तापवले, घमेले ओढले, आणि सासूचे पाय त्यात घेतले. पायांना हळद होती, ती निघायला वेळ लागला.

दौलतने माइक बंद केला, पण मोबाइल बंद करायला तो विसरला. तरुणांनी ते सगळे चित्रित केले होते आणि म्हातारीची फजिती म्हणून फिरवले होते. ते कल्याणला पोचले. समीक्षाने ते तिची स्वतःची हळद लागत असताना पाहिले आणि नवऱ्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला. त्या संभाषणाची हकीकत गावात पुढे वेगवेगळ्या तिखटमिठासह सांगितली गेली; गाभा असा.

‘डोळा दाखव.’

‘अगं, सकाळी बोलू ना. फ्रेंड्स आहेत.’

‘फिल्टर काढ. ट्यूबलाइटखाली ये आणि पापणी खाली ओढ.’

त्याने ओढली असावी. कारण नवरीकडच्यांनी त्याच वेळी सांगितले, की रक्ताचा अहवाल पाहिल्यावाचून मुलगी मांडवात बसणार नाही. दौलतने पाया पडून पाहिले, धमक्या देऊन पाहिल्या, मुलीच्या चारित्र्याविषयीही बोलून झाले. मुलगी हलली नाही. लग्न पुढे गेले, आणि ऋतुराजला बापाने नव्हे, आईने डॉक्टरकडे नेले. यकृताला सूज होती. डॉक्टर म्हणाले, आज थांबलास तर ते भरून येईल. आणखी वर्षभर असाच राहिलास तर आम्हाला बोलावू नकोस.

आता कुणी वाचक म्हणेल, की मग गावाने रखमाबाईंचे उपकार मानले असतील. गाव असे चालत नाही. लग्न मोडता मोडता राहिले, घराण्याची शोभा झाली, याचे माप रखमाबाईंच्या पदरात पडले. त्या वर्षी त्यांना एकाही हळदीचे बोलावणे आले नाही. ज्या घरांत त्यांनी तीन पिढ्यांच्या नावांचे धवले म्हटले होते, त्या घरांतल्या बायका पाण्याच्या टाकीवर त्यांना पाहून पदर सावरून बाजूला होऊ लागल्या. दौलत तर दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, ‘आमच्या काकीचं डोकं फिरलंय, सरकारनं पैसे दिलेत तिला.’ ज्या बाईला आयुष्यभर विद्येखेरीज दुसरी ओळख नव्हती, तिच्याकडून ती विद्याच काढून घेतली गेली. दुपारी ओसरीवर बसून त्या धवले पुटपुटत, शब्द विसरू नयेत म्हणून. ऐकायला कोणी नसे. कधी मी असे, आणि कामावरून लवकर सुटली तर कल्पिता.

आणि ते विधेयक? मी हे लिहितो आहे तोवर ते मसुद्यातच आहे. हरकतींचा विचार चालू आहे, असे सांगतात. ज्यांना बाटली विकायची आहे त्यांच्या हरकती टंकलिखित, सुवाच्य आणि मुदतीत पोचलेल्या आहेत. दौलतच्या दुकानात बाटल्या अजून वर्तमानपत्रातच गुंडाळल्या जातात. एकदा त्या गुंडाळलेल्या कागदावर मला याच विधेयकाची बातमी उलटी दिसली. माणसाच्या काळजावर जगणाऱ्या या धंद्याविषयी संयमाने लिहावे, असे मला अनेकदा सुचवण्यात आले आहे. मला ते जमलेले नाही आणि त्याचे दुःखही नाही.

पुढल्या थंडीत ऋतुराजचे लग्न पुन्हा ठरले. समीक्षाने अहवालांवर अहवाल पाहिले होते. बोलावणे अर्थातच रखमाबाईंना आले नाही. दौलतने युक्ती केली. कुणीतरी पूर्वी टिपून ठेवलेले धवले पेनड्राइव्हवर मिळाले. ते स्पीकरवर लावायचे, म्हणजे धवलारणीचे काम होते आणि धवलारीण लागत नाही. ते धवले रखमाबाईंचेच होते. सकाळी आवाज तपासायला ते लावले तेव्हा गावाच्या टोकापर्यंत त्यांचाच तरुणपणचा आवाज गेला, आणि बाटलीची ती जुनी ओळ, देवाची लारकी, त्यांना आपल्या ओसरीवर बसून ऐकावी लागली. मी त्या दिवशी तेथेच होतो. त्यांनी कानांवर हात ठेवले नाहीत. फक्त कल्पिताला म्हणाल्या, ‘ऐक. माज्याच तोंरानं थेंब लावतील त्याला.’

दुपारी अंगणात पावले वाजली. ऋतुराज होता. हळद अजून लागायची होती. तोंड स्वच्छ धुतलेले, केसांतून पाणी ओघळत होते. तो उन्हात उभा राहिला आणि स्वतःच पापणी खाली ओढली.

‘आजे, बघ.’

रखमाबाई उठल्या. एक डोळा पाहिला. मग दुसरा. घाई केली नाही.

‘पांडरा हाय,’ त्या म्हणाल्या.

रस्त्यावरून गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला, आणि मग वाजतच राहिला. ‘पप्पा,’ ऋतुराज म्हणाला.

‘जा. नायतर तो इकडं यील आन बोलंल कायतरी.’ आणि तो वळल्यावर, ‘रुत्या. आज थेंब लावतील तुला. सगल्यांम्होरं.’

‘माहितीय.’

तो गेला. दिवस उतरणीला लागला तसा चार घरांपलीकडच्या दौलतच्या मांडवातून धवला सुरू झाला. रखमाबाई उंबऱ्यावर बसून होत्या, कल्पिता त्यांच्या मागे, भिंतीला टेकून. तांदूळ झाला. हळद, सुपारी झाली. नारळाची ओळ त्या तरुण आवाजाने लांबवली, तशी ती लांबवायचीच असते. मग श्वास घेतल्याचा आवाज आला आणि ‘बाटली ठे...’ इथे स्पीकर तुटल्यासारखा बंद पडला.

दौलतचा आवाज आला, नुसताच, माइकशिवाय. शिवी होती. मग ऋतुराजचा, शांत: ‘मी काढली वायर. पुढचं लावा.’ पुन्हा दौलत, ‘देवाचा मान हाय तो!’ आणि मग एका बाईचा, बहुधा जागृतीचा, रडवेला आणि चिडका: ‘नाव नाय घेतलं तर पोचलं नाय. काकीच सांगायची. ठेवा ती बाटली खाली.’

कुरकुर झाली, कुणी खुर्ची ढकलली. मग स्पीकर पुन्हा सुरू झाला, आणि रखमाबाईंचा जुना आवाज बाटली गाळून थेट दिव्याच्या ओळीवर आला. उंबऱ्यावर बसलेल्या रखमाबाईंनी ती ओळ त्याच्याबरोबर धरली, बारीक आणि थोडी मागे पडत, आणि कल्पिताने दिवा लावायला आत जाता जाता त्या ओळीचे शेवटचे पद म्हटले.